समुद्र नसलेल्या जिल्ह्यात सात दिवस

यवतमाळहून वणीला निघालेल्या एसटीच्या खिडकीतून एकाच तिकिटात दोन वेगळे मुलूख दिसतात. करंजीपर्यंत काळी माती, कपाशी, तूर, मधूनच पळसाचे रान आणि माथा सपाट असलेले डोंगर. मारेगाव मागे पडले की चित्र पालटते. कोळशाने भरलेले हायवा रस्त्यावर दिसू लागतात, राजूरच्या बाजूला चुनाभट्ट्या लागतात आणि रस्त्याकडेच्या झाडांवर पांढुरकी धूळ बसलेली असते. जिल्हा एकच, पण अलीकडे कापूस आणि पलीकडे कोळसा नि चुना.

यातला चुना हे खरे कोडे. चुन्याचा दगड, म्हणजे चुनखडी, बहुतांशी समुद्रात तयार होते. वणीपासून अरबी समुद्र घ्या की बंगालचा उपसागर, कोणताही किनारा साडेचारशे किलोमीटरांच्या आत नाही. मग राजूरच्या भट्टीत भाजला जाणारा दगड आला कुठून?

कॅरिबियन देशांच्या सहलींचे एक ठरलेले आमिष असते: आठवडाभरात शहर, डोंगर आणि समुद्रकिनारा. जमैकात ते सहज जमते. किंग्स्टन शहर, २,२५६ मीटर उंचीचे ब्लू माउंटन शिखर आणि नेग्रिलची पांढरी पुळण असे सगळे एका बेटावर आहे, आणि त्या बेटाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग चुनखडीने व्यापलेला आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या १३,५८२ चौरस किलोमीटरांतही असा आठवडा काढता येतो. शहरे आहेत, डोंगर आहेत आणि समुद्रही आहे. त्याचे पाणी ओसरून कोट्यवधी वर्षे झाली, एवढाच फरक. ही सहल मात्र पूर्वेकडून, वणीपासून सुरू करावी. जिल्ह्यातला सर्वांत जुना दगड तिकडे आहे आणि पश्चिमेकडे सरकावे तसा तो तरुण होत जातो. उलट बाजूने निघालेल्याला डोंगर दिसतात, पण ते कशावर उभे आहेत ते कळत नाही.

वणी: आधी समुद्राचा तळ

वणी, राजूर, मुकुटबन या पट्ट्यातल्या चुनखडीला भूवैज्ञानिक ‘पैनगंगा गट’ या नावाने ओळखतात. करड्या, गुलाबीसर, कुठे गर्द रंगाचे पातळ थर एकावर एक बसलेले असतात. ढोबळमानाने त्यांचे वय शंभर कोटी वर्षांच्या घरात जाते. त्या काळी शंख-शिंपल्यांचे प्राणी पृथ्वीवर आलेच नव्हते. आजच्या समुद्रातली पुष्कळशी चुनखडी प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्यापासून बनते. त्या समुद्रात ती सोय नव्हती. तरीही तिथे चुना साठला.

नद्या जमिनीवरच्या खडकांतले कॅल्शियम विरघळवून समुद्रात आणतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरून त्याचे कार्बोनेट होते. पाण्यात हा वायू भरपूर आहे तोवर कॅल्शियम आणि कार्बोनेट विरघळलेले राहतात. पाणी उथळ असेल आणि तापले, तर वायू बाहेर पडतो. पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी उन्हात अन्न तयार करताना तो शोषून घेतला, तरी तेच होते. वायू कमी झाला की कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण वेगळे होतात आणि गाळ म्हणून तळाशी बसतात. बहामा बेटांभोवतीच्या उबदार, उथळ समुद्रात आजही अधूनमधून पाणी दुधाळ होते. तो चुन्याचाच गाळ असतो. कॅरिबियनच्या शेजारी जे आज डोळ्यांदेखत चालू आहे, ते मुकुटबनच्या जागी कधीच घडून गेले. काही गाळ उथळ पाण्यात बसला, काही उतारावरून खोल पाण्यात गेला, आणि वरच्या थरांच्या वजनाने दाबला जाऊन त्याचा दगड झाला.

या समुद्राला किनाराही होता. चुनखडीच्या खालच्या बाजूला वालुकाश्म, म्हणजे वाळूचा दगड आहे. पैनगंगेच्या दक्षिणेला, आदिलाबादकडे तो उघडा पडलेला आहे. ती या समुद्राची काठची वाळू.

राजूरची भट्टी हा गाळ उलट दिशेने नेते. भट्टीत दगड आणि कोळसा थराथराने भरतात. उष्णता ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचली की दगडात अडकलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. आकार तोच, पण हातात घेतलेला खडा पूर्वीपेक्षा चांगलाच हलका लागतो. त्यावर पाणी शिंपडले की तो सुसकारतो, वाफ सोडतो, भेगाळतो आणि थोड्या वेळात त्याचे पांढरे पीठ होते. पानाला लागणारा, भिंतीला लागणारा चुना तो हाच. मुकुटबनला हाच दगड सिमेंटसाठी जातो. बिर्ला कॉर्पोरेशनच्या तिथल्या कारखान्याने २०२२मध्ये उत्पादन सुरू केले.

मग बर्फ, मग दलदल

चुनखडी तयार झाली आणि वणीचा कोळसा तयार झाला, या दोन घटनांमध्ये काही दशकोटी वर्षांची फट आहे. त्या फटीच्या शेवटी काय घडले, त्याचा पुरावा शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या इरई गावाजवळ सापडला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांना १८७०च्या दशकात तिथे चुनखडीचा एक पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर समांतर ओरखडे उमटलेले दिसले. वर दगडगोट्यांनी भरलेला मातकट थर होता. असे ओरखडे हिमनदी काढते. तिच्या बुडाशी अडकलेले दगड खालच्या खडकावरून फरफटत जातात आणि रेघा मागे ठेवतात.

मे महिन्यात पारा ४५च्या पुढे नेणाऱ्या या मुलखात हिमनदी होती, हे त्या काळच्या वाचकांना पचणे अवघडच गेले असणार. उत्तर पुढे मिळाले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत आजच्या जागी नव्हताच. आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका यांच्याशी जोडलेला, दक्षिण ध्रुवाकडे सरकलेल्या गोंडवन नावाच्या महाखंडाचा तो एक तुकडा होता.

पुढे हवामान उबदार झाले, बर्फ वितळला. नद्यांच्या काठाने दलदली आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिससारख्या वनस्पतींची दाट जंगले आली. झाड दलदलीत पडले की त्याला हवा मिळत नाही, म्हणून ते पूर्ण कुजत नाही. वर गाळ चढतो, वजन वाढते, उष्णता वाढते, पाणी आणि वायू बाहेर पडतात आणि मागे कार्बन उरतो. वणी परिसरातला कोळसा असा साडेसत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षांचा आहे. वर्धा खोऱ्यात त्याचा थर काही ठिकाणी १५ मीटरांहून जाड भरतो. उकणी, कोलारपिंपरी, पिंपळगाव, जुनाड या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी त्यावरच चालतात.

कोळसा नुसता तयार होऊन भागत नाही, तो टिकावाही लागतो. वर्धा नदीच्या पट्ट्यात जमिनीला लांबच लांब तडे गेले आणि त्यांच्या मधला भाग हळूहळू खचला. खचलेल्या भागातला कोळसा गाळाखाली सुरक्षित राहिला. आजूबाजूच्या उंच भागात असा थर कधी असेलही, तर तो धुऊन गेला. म्हणून वणीच्या एका शिवारात खाण असते आणि काही कोसांवरच्या दुसऱ्या शिवारात खणले तर हाती काही लागत नाही.

वणीत मुक्काम असेल तर एक संध्याकाळ गावासाठी ठेवावी. निर्गुडा नदीकाठचे हे गाव लोकनायक बापूजी अणे यांचे जन्मगाव. एके काळी जिल्ह्याला नावही वणीचेच होते. यवतमाळ जिल्हा हे नाव १९०५पासूनचे.

शिबला-पारडीचे खांब

झरी-जामणी तालुक्यात पोचल्यावर जमिनीचा रंग पुन्हा काळा होऊ लागतो. चुनखडी आणि वाळूचे दगड खाली जातात आणि वर लाव्हाचा खडक, बेसाल्ट येतो. ज्याला घाटावर नि विदर्भात सगळे नुसते काळा दगड म्हणतात, तो.

२०२१मध्ये या तालुक्यातल्या शिबला-पारडी गावाजवळ रस्त्याच्या कामात जमिनीतून दगडी खांब निघाले. कडा सरळ, बाजू सपाट, एकमेकांना खेटून उभे. एखाद्या बुजलेल्या देवळाचा सभामंडप असावा, असेच कुणालाही वाटेल. चंद्रपूरचे भूशास्त्र अभ्यासक सुरेश चोपणे यांनी पाहणी करून हे स्तंभाकृती बेसाल्ट असल्याचे सांगितले. हे खांब कोणी घडवले नाहीत, लाव्हा थंड होताना ते आपोआप घडले.

ते कसे, हे उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या कोणत्याही काळ्या रानात समजून घेता येते. एप्रिलमध्ये रान वाळले की मातीला भेगा पडतात. त्या कशाही पडत नाहीत. माती आकसते, पण पसरलेले रान एका अंगाने आकसू शकत नाही, म्हणून ती जागोजाग फाटते आणि पाच-सहा बाजूंची ढेकळे तयार होतात. लाव्हाचेही तसेच. सुमारे हजार अंशाचा रस घट्ट होऊन निवताना आकसतो, ताण वाढतो आणि पृष्ठभागावर तडे जातात. एका बिंदूतून तीन तडे सारख्या कोनांत निघाले तर कमीत कमी चिरफाडीत सर्वाधिक ताण मोकळा होतो. असे तीन-तीन तड्यांचे बिंदू एकमेकांना जोडले गेले की षटकोन होतात.

फरक पुढे आहे. मातीच्या भेगा काही हातांवर थांबतात, कारण खाली ओल असते. लाव्हाचा थर मात्र वरून आणि खालून दोन्हीकडून निवत जातो. जितका भाग निवेल तितका तडा आत सरकतो, पुन्हा थोडा निवतो, पुन्हा सरकतो. षटकोनाचे तडे असे सरळ आत उतरत गेले की खांब तयार होतो. थर सावकाश निवला तर खांब जाड, भराभर निवला तर बारीक. सर्व खांब एकसारखे सहा बाजूंचे नसतात. पाच आणि सात बाजूंचेही भेटतात. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरचा ‘जायंट्स कॉजवे’ अशा सुमारे ४०,००० खांबांसाठी जगभर ओळखला जातो आणि तो जागतिक वारसा आहे. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे. शिबला-पारडीचे खांब त्याच घराण्यातले.

त्यांची काळजी वाटते ती एका साध्या कारणाने. काळा दगड म्हणजे गिट्टी, हा हिशोब जिल्ह्यात पक्का बसलेला आहे. मुरूम आणि गिट्टीसाठी टेकड्याच्या टेकड्या कापल्या जातात. रस्त्यासाठी फोडलेला एक खांब पुन्हा उभा होत नाही. तिथे कुंपण, एक फलक आणि शेजारच्या शाळांतल्या मुलांची वर्षातून एक फेरी, एवढे केले तरी खूप होईल.

लाव्हाची कड

हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. ज्वालामुखीचा एखादा उंच शंकू फुटून तो आला नाही. जमिनीतल्या लांब भेगांतून तो पुन्हा पुन्हा वर आला आणि पसरत गेला. एक पूर आला, निवला, त्यावर दुसरा आला. आज उरलेले त्याचे क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास भरते. सह्याद्रीत या थरांची जाडी किलोमीटरहून अधिक आहे. पूर्वेकडे ती कमी होत जाते आणि वणीच्या अलीकडे-पलीकडे लाव्हाची कडच येते. कडेवर थर आधीच पातळ. त्यात वर्धा, पैनगंगा आणि त्यांच्या उपनद्यांनी तो खरवडून काढला. म्हणून खालचा कोळसा आणि त्याहून खालचा समुद्रतळ तिथे उघडा पडला.

राजूरच्या कोड्याचे उत्तर हेच. जुना दगड पश्चिमेकडेही लाव्हाखाली असू शकतो, पण वणीला वरचे पांघरूण निघाले आहे.

चौकट: सात दिवस कसे लावावेत
पहिले दोन दिवस वणी, राजूर आणि मुकुटबन. खाणीत परवानगीशिवाय जाता येत नाही, पण रस्त्यावरून खाणीबाहेरचे मातीचे ढिगारे आणि चुनखडीचे थर दिसतात. तिसरा दिवस शिबला-पारडी करून पांढरकवड्याला मुक्काम. चौथा टिपेश्वर. पाचवा यवतमाळ शहर आणि जवळचे कळंब, जिथे चिंतामणीचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. सहावा पुसद. सातवा उमरखेडमार्गे सहस्रकुंड, आणि वेळ उरला तर पैनगंगेपलीकडे उनकेश्वर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा चांगली. धबधब्यासाठी मात्र पावसाळ्याचा शेवट गाठावा.

टिपेश्वर

पांढरकवडा श्रीनगर-कन्याकुमारी महामार्गावर आहे, आणि त्याला लागून १४८.६३ चौरस किलोमीटरांचे टिपेश्वर अभयारण्य. लाव्हाच्या डोंगरउतारावर माती हातभरही नसते, नांगर लागत नाही. अशा जागी साग टिकून राहिला आणि सागाबरोबर वाघ. इथल्या एका तरुण वाघाला २०१९च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो बाहेर पडला आणि शेते, नाले, रस्ते ओलांडत, तेलंगणाला वळसा घेत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत तो सुमारे ३,००० किलोमीटर चालला. कापसाच्या शिवारांतून वाघाची एवढी ये-जा होऊ शकते, हे त्या कॉलरमुळे पहिल्यांदा एवढ्या तपशिलात दिसले.

यवतमाळ: पठारावरची तहान

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरांवर आहे. वणीच्या मानाने ही चांगलीच चढण. शहराभोवतीच्या डोंगरांचे माथे सपाट आणि बाजू पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात, त्यालाही लाव्हाच कारण. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, भरीव असतो. वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, म्हणून ठिसूळ. पाऊस ठिसूळ भाग आधी झिजवतो, घट्ट भाग कड्यासारखा पुढे राहतो.

हीच रचना विहिरींचे नशीब ठरवते. भरीव बेसाल्टमधून पाणी जात नाही. पाणी मुरते ते सच्छिद्र थरात, कुजलेल्या खडकात आणि भेगांत. एका शेतातल्या विहिरीला बारमाही पाणी आणि बांधापलीकडची कोरडी, याचे कारण बहुधा एवढेच असते की एकीला भेग लागली, दुसरीला नाही. शिवाय शहर पठारावर असल्याने पडलेले पाणी दोन्हीकडच्या खोऱ्यांकडे निघून जाते. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे आटली आणि यवतमाळकरांना आठवडेच्या आठवडे नळाची वाट पाहावी लागली. बेंबळा धरणाचे पाणी आणण्याची निकड तेव्हा सगळ्यांना पटली.

बेसाल्ट कुजला की काळी माती होते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि ते धरून ठेवते. कपाशीला नेमके हेच लागते: पाऊस थांबल्यावरही सोटमुळाने खोलवरची ओल घेत ती दिवाळीच्या सुमारास वेचणीला येते. नदीखोऱ्यातल्या भारी जमिनीत हे साधते. डोंगरउतारावरच्या हलक्या, मुरमाड जमिनीत ओल दोन आठवडेही टिकत नाही. तिथे पावसाने ऑगस्टमध्ये दडी मारली की कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष हातचे जाते. सगळा जिल्हा कापसाचा म्हणून एकाच मापाने मोजला जातो, पण एकाच गावात मातीची खोली हातभर ते पुरुषभर बदलते. पीकविमा असो की सल्ला, तो ठरवताना ही खोली विचारात घेतलीच पाहिजे.

या कापसासाठीच १९०३मध्ये मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरांची अरुंद रेल्वे आली. पुढे ती ‘शकुंतला’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यावर वाफेचे इंजिन १९९४पर्यंत धावत होते. आता गाडी बंद आहे.

पुसद आणि पैनगंगा

पुसदला डोंगरांनी चहूबाजूंनी घेरले आहे आणि मधून पूस नदी वाहते. १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक जवळच्याच गहुलीचे. त्यांच्या कारकिर्दीत संकरित बियाण्यांवर आणि पाणी अडवण्यावर जो भर दिला गेला, त्यामागे या उताराच्या, कोरडवाहू जमिनीचा अनुभव होता असे मानायला जागा आहे.

शेवटचा दिवस नदीचा. उमरखेड तालुक्याच्या कडेला पैनगंगा काळ्या खडकाच्या पायरीवरून उडी घेते. पलीकडचा काठ नांदेड जिल्ह्याचा. नदी पात्रातल्या तड्यांतून वाट काढते, म्हणून एक धार न पडता अनेक धारा पडतात आणि नाव पडले सहस्रकुंड. पाणी आधी तडे रुंद करते, सुटलेला दगड पुरात ढकलते आणि धबधबा तेवढा मागे सरकतो. खाली पडलेले प्रचंड दगड कधीकाळी वरच्या कड्याचा भाग होते.

पलीकडे किनवट तालुक्यात उनकेश्वरला गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे आहेत. आसपास जिवंत ज्वालामुखी नाही, तरी पाणी गरम कसे, हा प्रश्न तिथे येणारे बहुतेक जण विचारतात. जमिनीत एक किलोमीटर खोल गेले की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. पावसाचे पाणी एखाद्या खोल तड्यातून खाली उतरते, तापते, वाटेत खडकातली द्रव्ये विरघळवून घेते आणि दुसऱ्या तड्याने वर येते. चढण जितकी वेगाने होईल तितके पाणी कमी निवते.

सहस्रकुंडच्या वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की आभाळ कोरडे असतानाही पात्रातले पाणी झपाट्याने चढते. खडकांवर उतरण्यापूर्वी काठावरच्या लोकांना विचारावे. विसर्ग सुरू आहे की नाही हे त्यांना ठाऊक असते.